डावीकडचे हसले का?

इब्राम भुईचक्कर एका जागी उभा राहिलाय असं मी कधी पाहिलं नाही. तुमच्याशी बोलायला लागला की बोलता बोलता तुमच्याभोवती फिरायचा. तुम्ही तोंड वळवलं की तो पुन्हा फिरायचा. कुणी वैतागून म्हणायचं, "अरे बाबा, थांब की जरा, मान मोडायची वेळ आली." तर हात जोडून म्हणायचा, "तुम्ही बोला, मालक. पाय माझे दुखतील, तुमचं काय जातंय?"

तेरखेड्याचा माणूस. घराणं शोभेच्या दारूचं. भुईनळे, चक्रं, तोफा, सगळं घरात बनायचं. त्यावरूनच हे नाव पडलं आणि पुढं सिनेमाच्या पाटीवरसुद्धा तेच लागलं. तुमच्यापैकी पुष्कळांनी त्याला टीव्हीवर बघितलं असेल. धोतर खोचलेला, अनवाणी, समोरच्या नटाभोवती गरगर फिरणारा. पेपरवाल्यांनी लिहिलं की ह्याच्या अंगात वीज आहे. लिहू दे. पेपरवाले त्याच्याबरोबर खडी फोडायला नव्हते, मी होतो.

बहात्तरचा दुष्काळ. आमच्या बेंबळीच्या पुढं पाझर तलावाचं काम निघालं होतं. अख्खी गावं त्या कामावर होती. लग्नं निघत नव्हती, निघाली तरी हार घालून उरकायची. शोभेची दारू उडवायची कुणाला हौस? तेरखेड्याचे हात रिकामे झाले आणि इब्राम बेंबळीला बहिणीकडं आला, आमच्या टोळीत दगड फोडायला बसला. बसला म्हणायचं आपलं. एक दगड इथं फोडायचा, दुसरा तिकडं. मुकादम ओरडायचा, "ए तेरखेडा, तुझ्या बुडाला वात लावलीय काय रे?" इब्राम म्हणायचा, "हौ मालक, विझंना झालीय."

दुपारची सुट्टी झाली की बायामाणसं एका वाळक्या लिंबाखाली बसायची. त्या वर्षी मिलो खाल्ली नाही असं घर नव्हतं. परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना फुटायची आणि खाताना घशात अडायची. एक दिवस इब्राम चार पायांवर चालत लिंबाखाली आला. बैल झाला होता. नुसता रांगत आला असता तर कुणी बघितलं नसतं. पण त्यानं खांद्यावरची कातडी थरथरवून माशी उडवली. एका बाजूला मान टाकून उसासा सोडला. मग मुकादमाच्या पुढ्यातली मिलोची भाकरी हुंगली. मान वर करून धन्याकडं बघितलं. पुन्हा हुंगली. पुन्हा बघितलं. मग पुढचे दोन पाय जोडून भाकरीला रामराम घातला आणि उलट्या पावलांनी, पाठ न दाखवता, गोठ्याकडं निघून गेला.

पोटात काही नसलेली माणसं पोट धरून हसली. मुकादमाच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि इब्राम हळूच माझ्याजवळ येऊन विचारतो, "दादा, डावीकडचे हसले का?"

मला कळेना हे काय विचारणं. डावीकडं बाया बसल्या होत्या. मी म्हटलं, "हसल्या की."

"खरं सांगा."

"मी कशाला खोटं सांगू? हसल्या म्हणजे हसल्या. ती पलीकडची म्हातारी मात्र हसली नाही."

"तिचं काय चुकलं माझ्याकडनं?" असं म्हणून तो दिवसभर त्या म्हातारीकडं बघत होता. दुसऱ्या दिवशी तिला हसवल्यावरच त्याला भाकरी गोड लागली, तीही मिलोची.

त्याच आठवड्यात सुरुंगाचा प्रकार झाला. खडक फोडायला सुरुंग लावायचे, तेव्हा मुकादम शिट्टी मारायचा आणि सगळे दूर पळायचे. त्या दिवशी शिट्टी झाली, सगळे बांधाकडं पळाले आणि इब्राम उलटा सुरुंगाकडं पळत सुटला. लोक बांधावरून टाळ्या पिटत हसायला लागले. त्यांना वाटलं, सोंग करतोय. मी बघितलं तर त्याचं तोंड पांढरं पडलेलं. मी धावत गेलो, त्याच्या गळ्याला धरून खाली पाडला आणि त्याच्यावर पडलो. धुरळा बसल्यावर तो उठला, बांधावरच्या लोकांना वाकून सलाम केला. लोक आणखी हसले. पण माझं मनगट त्यानं सोडलं नव्हतं.

संध्याकाळी घराकडं येताना मी विचारलं. आधी उडवाउडवी केली. मग म्हणाला, "दादा, डावा कान न्हाय मला. एका लग्नात तोफ लावत व्हतो, वात आखूड पडली. शिट्टी ऐकू आली मला, पन कुठनं आली ते कळंना. एका कानाला आवाज कळतो, आवाजाचं गाव कळत न्हाय."

तेव्हा मला त्याचं फिरणं उलगडलं. बोलणाऱ्याकडं चांगला कान राहावा म्हणून तो माणसाभोवती फिरायचा. वीज नव्हती, कान होता.

"कुणाला बोलू नका," तो म्हणाला. "मला नाटकात जायचंय. बहिऱ्याला कोन घील? अन् घेतलं तरी लोक कानाला हसायला लागतील. माझ्या सोंगाला हसावं मानसानं. कानाला हसले तर मी मेलो म्हणून समजा."

मी शब्द दिला. आणि मी दिलेला शब्द काय असतो, ते बेंबळीत कुणालाही विचारा.

दुष्काळ सरता सरता आमचं कलापथक निघालं. सरकारच्या योजना गाण्यांतून, वगांतून गावोगाव सांगायच्या. मी ढोलकीवर होतो. इथं एक गोष्ट सांगून टाकतो. आमच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि हलगी खाली ठेवली ती ठेवलीच. कुणाच्या दारात वाजवायचं नाही, कुणाच्या पुढं चालत वाजवायचं नाही. मी ढोलकी शिकलो ती मंचावर बसून वाजवायची म्हणून. वरातीत नाही, मिरवणुकीत नाही. मंत्री आला म्हणून नाही. यावरून माझी पुष्कळांशी भांडणं झाली आणि पुढंही होतील.

मंच म्हणजे काय, पिपांवर टाकलेल्या फळ्या. त्या फळ्यांवर इब्राम अनवाणी नाचायचा. एकदा तालमीत थांबून म्हणाला, "दादा, ढोलकी मांडीवर नक्को. फळीला टेकवून वाजवा बघू." मी वाजवली. त्यानं डोळे मिटले. "आली," म्हणाला. "पायातनं वर आली." मग आमची खूण ठरली. माणसं हसायला लागली की त्या कल्लोळात त्याचा उजवा कानही भरून जायचा. डावीकडचे हसले तर मी फळीवर दोन थापा द्यायच्या, नाही हसले तर एक. एक थाप आली की तो डावीकडं जाऊन पुन्हा काहीतरी करायचा. बघणाऱ्याला वाटायचं, काय हा माणूस, कुठल्या कोपऱ्यालाही उपाशी ठेवत नाही. मी कधी एकाच्या जागी दोन दिल्या नाहीत. म्हणूनच माझ्या दोनला किंमत होती.

कुठं किती थांबायचं हे त्याला दारूकामानं शिकवलं होतं. नव्या पोरांना सांगायचा, "वात लांब ठेवली तर मानसं उठून घरी जातात. आखूड ठेवली तर आपला हात जातो. बोलायच्या आधी मनात वात मोजायची." त्याच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धं होतं, ते तो हे सांगताना वर करायचा.

साखर कारखाना निघायचा होता, तेव्हा अप्पा आम्हाला बरोबर घेऊन हिंडले. अप्पा म्हणजे पुढं चेअरमन झाले ते. लिंगायत शेतकरी, कपाळाला भस्म, घरात कानडी बोलायचे आणि आमच्यावर मराठीत ओरडायचे. शेअर घ्या म्हणून गावोगाव सभा. लोक म्हणायचे, प्यायला पाणी नाही, ऊस कुठनं आणायचा? अप्पांचं भाषण झालं की माणसं जांभया द्यायची. मग इब्राम माझ्या खांद्यावर चढायचा, दोन्ही हात वर जोडायचा आणि तोंडातून विडीचा धूर सोडायचा. कारखान्याचं धुराडं! वरून खाली वाकून अप्पांना विचारायचा, "चेअरमन, धूर सुरू झालाय. आता ऊस आना, न्हायतर म्या खोकून मरतो." अप्पा मनापासून चिडायचे. त्यांच्या चिडण्यालाच लोक जास्त हसायचे आणि हसता हसता शेअर घ्यायचे. कारखाना उभा राहिल्यावर अप्पांना मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, ह्याचं पहिलं धुराडं माझ्या खांद्यावर उभं होतं. त्यांनीही ते कधी नाकारलं नाही.

मुंबईच्या टीव्हीवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात आमच्या कलापथकाला बोलावलं, तिथून त्याचं नशीब फिरलं. तिथली जमीन सिमेंटची, गुळगुळीत, गार. इब्राम दोन पावलं चालला आणि माझ्याकडं बघायला लागला. पायाला काहीच लागत नव्हतं. "साहेब, फळी पायजे," तो म्हणाला. कार्यक्रमाचे साहेब म्हणाले, "इथं फळी कशाला?" "गावची सवय हाय. फळीबिगर तोंड उघडत न्हाय माझं." पुष्कळ वादावादी झाली. शेवटी मी ढोलकी गवसणीत घातली आणि दाराकडं निघालो. तेव्हा फळ्या आल्या.

दुसरं भांडण कॅमेऱ्याचं. साहेबांनी खडूनं जमिनीवर फुली मारली आणि सांगितलं, इथंच उभं राहायचं. इब्राम म्हणाला, "फुली तुमची साहेब, पाय माझे." आणि समोरच्या नटाभोवती जो फिरायला लागला, तो कॅमेरावाला त्याच्यामागं पळून पळून घामाघूम. साहेब डोकं धरून बसले. पण कार्यक्रम लागला आणि लोकांना तो फिरणाराच आवडला. पुन्हा बोलावणं आलं, पुन्हा आलं. मग नाटुकली, मग मालिका, मग सिनेमे. नोकर, हवालदार, सासऱ्याला घाबरणारा जावई. एका सिनेमात तो एसटीचा कंडक्टर होता. बस उभी होती आणि हा आतल्या आत एवढा पळाला की बघणाऱ्याला वाटावं बसच पळतेय.

मी गावाकडं परत आलो. मुंबई मला मानवणारी नव्हती. पण दूधसंस्थेनं पुढं टीव्ही घेतला, तेव्हा इब्रामचा कार्यक्रम असला की अख्खं गाव संस्थेच्या पत्र्याखाली जमायचं. एक जण वर चढून अँटेना फिरवायचा, खालून सगळे ओरडायचे, "आलं, आलं, गेलं!" मुंग्या जाऊन इब्राम दिसला की पहिला हशा व्हायचा, त्यानं तोंड उघडायच्या आधीच. मी भिंतीला टेकून बसायचो. पडद्यावरही त्याचा उजवा कान समोरच्याकडं आहे का, तेवढं बघायचो.

मोठा झाला तरी येळवसेला यायचा म्हणजे यायचा. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला घरात कुणी जेवत नाही, सगळे शेतात. अप्पांच्या शेतात कडब्याची कोप, छोटी खोपटी, उभी असायची. आंबिलीचं मडकं, भज्जी, बाजरीचे उंडे. लिंगायताच्या शेतात एक मुसलमान आणि एक बौद्ध पंगतीला मांडीला मांडी लावून, आणि कुणाला त्यात काही वाटायचं नाही. इब्राम आधी सगळ्यांना उठवून आपल्या उजव्या अंगाला बसवायचा. "इकडं या अप्पा, इकडं हवा चांगलीय." अप्पा म्हणायचे, "दरवर्षी ह्याची हवा एकाच बाजूनं कशी येते रे?" मी आंबिलीत तोंड घालून बसायचो.

मग एका वर्षी टीव्हीवर एक कार्यक्रम लागला आणि त्यात इब्राम उभा होता. नुसता उभा. समोरचा बोलत होता, हा त्याच्या तोंडाकडं बघत एका जागी उभा राहून उत्तरं देत होता. पत्र्याखाली लोक म्हणाले, "बघा, आता कसा ठेहराव आलाय. मोठा नट झाला." मला ते गिळवेना. मी उठून बाहेर आलो.

त्या येळवसेला तो आला आणि जिथं जागा होती तिथं बसला. कुणाला उठवलं नाही. अप्पा त्याच्या डाव्या बाजूला बसले, त्यानं हू की चू केलं नाही. त्याची बायको जैनब भाभी नेहमी बडबड करणारी, ती खाली मान घालून भज्जी वाढत होती. जेवणं झाल्यावर मी त्याला बांधावर नेलं. ज्वारी निसवायला लागली होती, वारा होता. मी विचारलं. तो माझ्या ओठांकडं बघत होता.

"ह्यो बी गेला, दादा," तो म्हणाला. "पावसाळ्यापासून. पाऊस दिसत व्हता, ऐकू येत नव्हता. डॉक्टर म्हनला, नस सुकलीय."

"कुणाला माहीत आहे?"

"तुमच्या भाभीला अन् तुम्हाला. ओठ बघून काम भागवतोय. समोरच्यानं पाठ केली की संपलं." मग म्हणाला, "एक सिनेमा घेतलाय. शब्द दिलाय. शूटिंग आपल्याच कारखान्याच्या आवारात हाय. तेवढा पार पाडून द्या. मग बास."

मी म्हटलं, "येतो. पण उभं राहून वाजवणार नाही. बसायला फळी पाहिजे."

तो हसला. किती दिवसांनी हसला असेल कोण जाणे. "तुमचा ताठा मातूर अजून ऐकू येतो बघा," म्हणाला.

शूटिंगला त्यानं दिग्दर्शकांना सांगितलं, हे आमचे थोरले, यांची ढोलकी लागल्याबिगर माझे पाय उचलत न्हाईत. सिनेमात आवाज मागून भरतात, त्यामुळं माझ्या वाजवण्याची अडचण नव्हती. कॅमेऱ्याच्या बाजूला फळ्या टाकल्या, त्याच्या पायाखालपर्यंत नेल्या. समोरच्याचं वाक्य संपलं की मी थाप द्यायचो, थाप पायाला लागली की हा बोलायचा. एका प्रसंगात तर समोरचा नट त्याच्याकडं पाठ करून बोलत होता आणि इब्रामनं अशी काही बरोबर वेळेला कोलांटी मारली की आवारातले ऊसतोड कामगार गाड्यांवर उभे राहून ओरडायला लागले.

आवाज भरायला मुंबईला जावं लागलं. तिथं फळी चालत नव्हती, खटका झाला तरी तो भरला जाई. मी त्याच्या मागं उभा राहिलो, हात त्याच्या पाठीवर. उभा राहणार नाही म्हणणारा मी, उभा राहिलो. पडद्यावर त्याचे ओठ हलायची वेळ आली की बोटांनी पाठीवर हलकी थाप द्यायची. दिग्दर्शक काचेपलीकडं होते. एकदा त्यांची नजर माझ्या हातावर पडली. कितीतरी वेळ ते हाताकडंच बघत होते. मी हात काढला नाही. मग ते एवढंच बोलले, "छान. आणखी एकदा घेऊ." त्या भल्या माणसानं पुढंही कुठं तोंड उघडलं नाही.

सिनेमा चांगला चालला. अप्पांनी ठरवलं, गळिताच्या हंगामाला बॉयलर पेटवतील त्या दिवशी कारखान्यावर इब्रामचा सत्कार करायचा. इब्राम मला म्हणाला, "त्या दिवशी मी सांगून टाकनार."

"काय?"

"कानाचं. बाहेरनं कळण्यापरीस आपल्या मानसाला आपन सांगावं."

"आणि हसले तर?"

त्यानं तोंड फिरवलं. त्याला माझे ओठ दिसले होते, मला माहीत आहे.

सत्काराच्या दिवशी ट्रॅक्टर भरभरून माणसं आली. संचालकांपैकी एक जण मला म्हणाला, "पाहुण्यांच्या मिरवणुकीत तुमची ढोलकी पाहिजे." मी म्हटलं, "मिरवणुकीत मी वाजवत नाही." "अहो, तुमच्याच दोस्ताची आहे." "दोस्ताची असो की बापाची. मंचावर जागा करा, तिथं वाजवतो." तो गेला अप्पांकडं तक्रार घेऊन. अप्पा म्हणाले, "त्याच्या नादी लागू नको. फळी टाक." अशी मला इब्रामच्या पायाजवळ, मंचाच्या कडेला जागा मिळाली.

हार झाले, शाल झाली, नारळ झाला. इब्राम माइकपुढं उभा राहिला. अनवाणीच होता.

"मंडळी," तो म्हणाला, "मला ऐकू येत न्हाय."

एकदम हशा उठला. तो थांबला.

"खरं सांगतोय. डावा कान तोफेनं नेला, त्याला लई वर्षं झाली. उजवा आपला आपन गेला. एकट्याला करमलं नसंल त्याला."

मंडपाचे खांब हलतील असे लोक हसले. मी कपाळाला हात लावला. अरे बाबा, खरं सांगायला उभा राहिलास, तिथं तरी सरळ बोल की! पण त्याला सरळ बोलताच यायचं नाही. पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "इब्रामभाई, मग टाळ्या वाजवायच्या का न्हाय?" त्याला ते ऐकूच आलं नाही. तो शांतपणे दुसरीकडंच बघत राहिला. लोकांना वाटलं, काय वात धरलीय! माणसं एकमेकांच्या अंगावर पडायला लागली. अप्पांचं उपरणं तोंडावर, खांदे हलतायत. सुरुंगाच्या दिवशी बांधावर हसले होते तेच लोक, तसेच हसत होते.

इब्रामनं माझ्याकडं बघितलं. ओठ हलवले. "हसले का?"

मी दोन थापा दिल्या.

"डावीकडचे?"

डावीकडं बायकांची बसायची जागा होती. सगळ्या हसत होत्या. पहिल्या रांगेत जैनब भाभी होती. पदर दातात धरलेला आणि डोळ्यांतून धार लागलेली. दोन थापा देऊन टाकल्या असत्या तर कुणाचं काय गेलं असतं? पण जन्मभर ज्याला खरं सांगितलं त्याला त्या दिवशी कसं फसवायचं? मी एकच थाप दिली.

तो डावीकडं वळला. त्याला भाभी दिसली.

माइक सोडून तो मंचाच्या त्या कडेला गेला आणि चार पायांवर खाली बसला. बैल झाला. दुष्काळातला तोच बैल, फक्त म्हातारा. खांद्यावरची शाल थरथरवून माशी उडवली. एका बाजूला मान टाकून उसासा सोडला. मग पुढ्यात ठेवलेला सत्काराचा हार हुंगला. मान वर करून भाभीकडं बघितलं. पुन्हा हुंगला. पुन्हा बघितलं. भाभीनं मान हलवली, नको, नको म्हणून. मग त्यानं पुढचे दोन पाय जोडून हाराला रामराम घातला, आणि उलट्या पावलांनी, पाठ न दाखवता, मंचावरून निघाला.

भाभीच्या तोंडातला पदर सुटला. रडता रडता तिला असं हसू फुटलं की शेजारच्या बायांनी तिला धरलं.

मी फळीवर दोन थापा दिल्या. जरा जोरातच दिल्या.

तो पुन्हा मंचावर चढला नाही.

खरी गोष्ट लोकांना नंतर हळूहळू कळली. अप्पा तर दुसऱ्याच दिवशी त्याच्या घरी जाऊन बसले. नुसता त्याचा हात धरून बसले. इब्रामच त्यांना म्हणाला, "अप्पा, तोंड पाडू नका. लोक कानाला कुठं हसले? कान गेल्यालं तर कुनाला खरंच वाटलं न्हाय. सोंगाला हसले. मला तेवढंच पायजे व्हतं." मग त्यांच्या डाव्या बाजूनं उठून उजव्या बाजूला गेला आणि म्हणाला, "हवा बघा, आता दोन्हीकडनं सारखीच येतीय."

सिनेमे त्यानं सोडले. बोलावणी आली, नाही म्हणाला. तेरखेड्याला राहिला. येळवसेला मात्र चुकला नाही. जेवण झालं की आम्ही दोघं बांधावर बसायचो, मी जमिनीवर हातानं ताल धरायचो, तो अनवाणी पाय मातीत दाबून मान डोलवायचा. "मातीतनं उशिरा येतं," म्हणायचा, "पन येतं."

तो गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आणि अप्पा जीप करून गेलो. कबरस्तानात माणूस मावत नव्हता. प्रत्येकानं मूठ मूठ माती दिली. मीही दिली. सगळे बाजूला झाल्यावर मी डाव्या अंगाला गेलो, खाली बसलो, आणि नव्या मातीवर तळहातानं दोन थापा दिल्या.

लोकांना वाटलं, म्हातारा माती बसवतोय.